संगणकांच्या जाळ्याची सुरक्षितता : काही न सुटलेले प्रश्न

गणिताच्या पुस्तकाअखेर उत्तरे छापलेली असतात. उदाहरण बरोबर आले की नाही, हे चार पाने उलटून ताडून पाहता येते. या सोयीमुळे आमच्या पुष्कळ विद्यार्थिमित्रांची अशी समजूत होऊन बसते की, शास्त्र म्हणजे सिद्ध झालेल्या गोष्टींची भरलेली कणगी होय. आपण तीतून लागेल तेवढे धान्य काढून घ्यावे म्हणजे झाले. वास्तविक प्रत्येक जिवंत शास्त्रात सुटलेल्या प्रश्नांशेजारी न सुटलेले प्रश्नही उभे असतात, आणि त्यांच्याकडे पाहिल्यावाचून त्या शास्त्राचे खरे स्वरूप कळत नाही. अशा एका शास्त्राचा परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे. संगणकांच्या जाळ्याची सुरक्षितता हा त्याचा विषय होय. हे शास्त्र वयाने कोवळे आहे. परंतु ज्या घरात एक मोबाइल फोन आहे, त्या प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध येतो.

जठारपेठेत राहणाऱ्या एका गृहस्थांस अमरावतीस शिकणाऱ्या मुलाकडे खर्चाकरिता दोन हजार रुपये पाठवावयाचे आहेत, अशी कल्पना करू. पूर्वी ते मनिऑर्डर करीत. आज ते फोन हाती घेतात, रक्कम लिहितात, आपला गुप्त अंक घालतात, आणि चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वी ती रक्कम मुलाच्या खात्यात जमा होते. अकोल्याहून रेल्वेने निघालेला उतारू मूर्तिजापूर, बडनेरा ही ओळखीची स्थानके घेत अमरावतीस पोहोचतो. पैशाचा संदेश मात्र त्या वाटेने जात नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या मुंबईच्या संस्थेने २०१६ साली यूपीआय नावाची व्यवस्था सुरू केली. तिची यंत्रे व दोन्ही बँकांची यंत्रे परस्परांस विचारतात, परस्परांचा होकार घेतात, आणि मग खात्यांतील आकडे बदलतात. वाटेत संदेशाची लहान लहान पुडकी बांधली जातात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो, आणि वाटेवरील यंत्रे तो पत्ता वाचून पुडके पुढे ढकलतात. या सर्व प्रवासात माणूस माणसाचे तोंड पाहत नाही. यंत्राने विचारावे, यंत्राने उत्तर द्यावे, आणि त्या उत्तराच्या भरवशावर पैसा हलावा, असा हा प्रकार आहे.

ज्यांनी ही जाळी प्रथम विणली, त्यांस चोरांची फारशी धास्ती नव्हती. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संस्थांचे संगणक जोडून पहिला संदेश पाठविण्यात आला. ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द पाठवावयाचा होता. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्र बंद पडले. त्या काळी संदेश पोहोचणे हाच मोठा विजय होता. तो कोणी पाठविला, अशी शंका घेण्याचे कारण नव्हते. कारण जाळ्यावरील मंडळी थोडी व बहुतेक परस्परांच्या परिचयाची होती. पुढे २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या नकला करीत पसरणारी एक आज्ञावली हजारो संगणकांस अडवून बसली, तेव्हा कोठे शास्त्रज्ञांचे डोळे उघडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशातील सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुले केले. ओळखीच्या दहा घरांसाठी बांधलेल्या, दारास कडी नसलेल्या वाड्यात सारे जग बिऱ्हाड करून राहावयास आले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दूरच्या माणसाचे म्हणणे खरे कसे मानावे, हा प्रश्न स्वतः मात्र जुना आहे. शिवकालीन राजपत्रांवर आरंभी शिक्का व शेवटी मोर्तब उमटवीत असत. शिक्क्यावरून पत्र कोणाचे हे कळे. आणि मजकूर संपला तेथे मोर्तब असल्यामुळे त्याखाली कोणास एखादी ओळ घुसडता येत नसे. शिक्कामोर्तब होणे हा वाक्प्रचार आपण यावरूनच वापरतो. व्यापारी पेठांत हुंड्या चालत, त्यांतही असाच विवेक होता. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेतील प्रतिष्ठित व माहितगार सावकाराच्या हाती पडत. वाटेल त्या वाटसरूस ते मिळत नसत. आजच्या शास्त्राच्याही मुख्य मागण्या याच आहेत. संदेश दुसऱ्याने वाचू नये, ही गुप्तता. वाटेत त्यात फेरफार होऊ नये, ही अभंगता. आणि तो ज्याचा म्हणून आला त्याचाच असावा, ही ओळख. या तिन्हींची पूर्तता पुरतेपणी कशी करावी, हे अद्यापि कोणास सांगता आलेले नाही. ते का, हे समजण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात घडलेली एक गोष्ट पाहू.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी संस्था. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी निरनिराळ्या २८ देशांतील एटीएम यंत्रांतून या बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या बनावट नकला वापरून पैसे काढण्यात आले. परदेशांत सुमारे १२,००० व्यवहारांत जवळजवळ ७८ कोटी रुपये, आणि भारतात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी रुपये गेले. सोमवारी, म्हणजे १३ ऑगस्टला, बँकाबँकांमधील स्विफ्ट नावाच्या संदेशव्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळविण्यात आले. एकूण बेरीज ९४ कोटी ४२ लाख रुपये झाली.

येथे तिजोरी फुटली नाही, की पहारेकऱ्यावर कोणी हात उगारला नाही. मग घडले काय? एटीएम यंत्रात कार्ड घातले म्हणजे ते यंत्र आपण होऊन पैसे देत नाही. ते कार्डाच्या जाळ्यामार्फत बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे विचारणा करते, आणि स्विच बँकेच्या मुख्य हिशेबयंत्रणेस विचारून होय अथवा नाही असे उत्तर धाडते. चोरट्यांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून एक तोतया स्विच उभा केला. परदेशातील यंत्र विचारी, ‘पैसे देऊ काय?’ हा प्रश्न खऱ्या हिशेबयंत्रणेपर्यंत पोहोचतच नसे. तोतया मधल्यामधे ‘दे’ म्हणून मोकळा होई. विचारणारे यंत्र आपले काम चोख करीत होते. वाटेवरील जाळेही आपले काम करीत होते. उत्तर देणारा तेवढा खोटा होता, आणि खोट्यास ओळखण्याचे साधन विचारणाऱ्यापाशी नव्हते. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरविले. त्यांचा संबंध मुख्यतः देशातील एटीएम यंत्रांतून पैसे काढण्याशी होता. संयुक्त राष्ट्रांच्या एका तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. ग्राहकांच्या खात्यांतील रक्कम सुरक्षित असल्याचे बँकेने त्या वेळी जाहीर केले होते. परंतु सहकारी संस्था ही सभासदांचीच असल्यामुळे, संस्थेस बसलेली झळ अखेर अनेक सामान्य कुटुंबांच्याच अंगणापर्यंत येते, हे उघड आहे.

या एका गोष्टीतून शास्त्राचे अनेक प्रश्न निघतात. त्यांपैकी सहा प्रश्न आम्ही क्रमाने मांडतो.

पहिला प्रश्न यंत्राच्या सचोटीचा. आपल्याच घरातील यंत्र बदलले गेलेले नाही, याची खात्री कशी करावी? आज्ञावली वाचून पाहावी, असे कोणी म्हणेल. परंतु युनिक्स या प्रसिद्ध प्रणालीचे एक जनक केन टॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविण्यासाठी दुसरी एक आज्ञावली लागते. ही भाषांतर करणारीच लबाड असेल, तर मूळ लिखाण कितीही निर्मळ असले तरी यंत्रात चोरवाट उतरते, आणि लिखाण वाचणाऱ्यास तिचा मागमूसही लागत नाही. विश्वास अखेर आज्ञावली लिहिणाऱ्या माणसांवर ठेवावा लागतो, असे त्यांचे सार होते.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. २७ जून २०१७ रोजी युक्रेन देशात हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीबरोबर नॉटपेट्या नावाचा घातक संसर्ग पसरला. मर्स्क या जहाजकंपनीची यंत्रणा त्याने बंद पाडली, आणि हजारो कोसांवर असलेल्या आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्यावरचे काम विस्कळीत झाले. औषध म्हणून आणलेल्या बाटलीतच विष निघावे, तसा हा प्रकार. मार्च २०२४ मध्ये अशीच एक चोरवाट अगणित संगणकांत शिरण्याच्या बेतात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले की, दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो. त्याने ही बारीकशी गोष्ट सोडून दिली नाही; तो तिचा माग काढीत गेला, आणि जगावरचे मोठे संकट टळले. परंतु प्रत्येक वेळी असा चौकस मनुष्य योग्य ठिकाणी असेलच, हे कोणी सांगावे? यंत्राने स्वतःच्या सचोटीचा पुरावा दूरच्या यंत्रास कसा द्यावा, यावर संशोधन चालू आहे. सर्वस्वी समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

दुसरा प्रश्न लबाडीच्या पारखीचा. वाईट आज्ञावली ताबडतोब ओळखणारे एखादे यंत्रच का करू नये? फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या सुमारास या प्रश्नाचा विचार केला, आणि सर्व प्रसंगी अचूक असे यंत्र होणे अशक्य असल्याचे दाखविले. त्यांची युक्ती आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस सहज समजेल. समजा, कोणतीही आज्ञावली पुढे ठेवताच ती पसरणारी आहे की निर्दोष आहे, हे सांगणारा एक अचूक परीक्षक आहे. आता एक खोडकर आज्ञावली अशी लिहा की, ती प्रथम त्या परीक्षकासच आपल्याविषयी विचारील. तो ‘पसरणारी’ म्हणाला तर ती स्वस्थ बसेल; ‘निर्दोष’ म्हणाला तर पसरू लागेल. परीक्षक काहीही म्हणो, तो खोटाच ठरतो. तेव्हा असा परीक्षक असू शकत नाही.

बरे, अचूक नको, शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर असणारे यंत्र तरी चालेल काय? थोडे गणित करून पाहू. एका मोठ्या बँकेत दिवसास १० लाख व्यवहार होतात व त्यांत १० लबाडीचे असतात, असे धरा. यंत्र त्या दहांपैकी बहुतेक सर्व पकडील. परंतु उरलेल्या ९,९९,९९० प्रामाणिक व्यवहारांपैकी शेकडा एक, म्हणजे सुमारे १०,००० व्यवहारांवरही ते चोर म्हणून ओरडेल. दर हजार इशाऱ्यांत खरा इशारा एक. लांडगा आला रे आला ही गोष्ट ठाऊक असलेल्यांस यापुढे काय होते ते सांगावयास नको. पहारेकऱ्याचे कान किटतात, आणि खऱ्या चोराच्या वेळी तो कूस बदलून झोपतो. स्टेफान अ‍ॅक्सेल्सन या संशोधकाने १९९९ साली ही अडचण स्पष्टपणे मांडली. चुकीचे इशारे न देता खरे इशारे देणारी पारख कशी साधावी, हा प्रश्न आजही संशोधकांपुढे आहे.

तिसरा प्रश्न वाटेचा. पुडके कोणत्या वाटेने जावे, हे ठरविणारा कोणी एक अधिकारी जाळ्यावर नाही. प्रत्येक मोठी संस्था शेजारच्या संस्थेस कळविते की, अमुक पत्त्यांकडे जाणारी वाट माझ्याकडून आहे. शेजारी ते पुढच्यास सांगतो. चौकातील पाट्या प्रत्येक गावाने आपापल्या हातांनी रंगवाव्यात, तशी ही रीत. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार संस्थेने आपल्या देशात यूट्यूब बंद करण्याच्या हेतूने एक खोटी वाट जाहीर केली. ती चुकून देशाबाहेर पसरली, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागातील यूट्यूबची पुडकी त्या आडवाटेस लागली. त्यानंतर एक सुधारणा झाली : अमुक पत्ते अमुक संस्थेचेच, असे सहीशिक्क्याचे दाखले आता देता येतात. परंतु दाखल्याने मुक्कामाचे गाव कोणाचे एवढे सिद्ध होते. मधली वाट खरी की खोटी हे त्यातून कळत नाही. संपूर्ण वाटेवर सह्या घेण्याची एक पद्धत २०१७ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. ती यंत्रांस जड पडते. शिवाय सर्वांनी ती स्वीकारल्याखेरीज एकट्यादुकट्यास तिचा लाभ थोडा. म्हणून ती फारशी अंगीकारली गेली नाही. सर्वांच्या हिताची, परंतु पहिल्याने करणाऱ्यास तोट्याची, अशी सुधारणा कशी घडवून आणावी? हा प्रश्न यंत्रशास्त्राचा जितका, तितकाच लोकव्यवहाराचाही आहे.

चौथा प्रश्न कुलपाचा. जाळ्यावरील गुप्तलेखन गणितावर उभे आहे. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार ३,२३३ होतो, हे पाटीवर क्षणात काढता येते. उलट ३,२३३ या संख्येचे दोन मूळ अवयव शोधा म्हटले, तर बराच वेळ भागाकार करीत बसावे लागते. संख्या शेकडो अंकांची घेतली की, सोपे व अवघड यांतील हे अंतर अफाट वाढते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमिर व अ‍ॅडलमन यांनी याच अंतरावर आपले प्रसिद्ध कुलूप बसविले. फेब्रुवारी २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी अशा एका संख्येचे अवयव पाडले. त्यासाठी एकाच गणकगाभ्यास सुमारे २,७०० वर्षे पुरेल एवढे काम अनेक संगणकांत वाटून द्यावे लागले. आज सामान्यतः ६१७ अंकी संख्या वापरतात.

येथे एक मौज आहे. अवयव पाडण्याची सोपी रीत नाहीच, असे कोणी सिद्ध केलेले नाही. ती सापडलेली नाही, एवढेच. संख्या मूळ आहे की नाही हे झटपट व निश्चित ठरविण्याची रीत पुष्कळ काळ सापडत नव्हती. २००२ साली कानपूरच्या आय. आय. टी.मधील मणींद्र अग्रवाल व त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी ती शोधून काढली. मग अवयवांची रीतही उद्या कोणास सापडणार नाही कशावरून? पीटर शोर यांनी १९९४ साली दाखविले की, क्वांटम नावाचा नव्या जातीचा मोठा संगणक तयार झाल्यास हे कुलूप निरुपयोगी होईल. म्हणून नव्या कुलपांचा शोध चालू झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने तीन नवी प्रमाणे प्रसिद्ध केली. परंतु याच शोधात चौथ्या फेरीपर्यंत टिकून राहिलेले साइक नावाचे एक कुलूप २०२२ साली कास्ट्रिक व डेक्रू या दोघा गणितज्ञांनी साध्या संगणकावर सुमारे एका तासात उघडून दाखविले. नवे कुलूप बळकट आहे, याचा पुरावा ‘अद्याप कोणास उघडता आलेले नाही’ एवढाच असतो. त्याहून भक्कम पुरावा देता येईल काय, हा गणितातील अत्यंत खोल प्रश्नांपैकी एक आहे.

पाचवा प्रश्न मनुष्याचा. दार कितीही भक्कम असले, तरी घरच्या माणसानेच आतून कडी काढली तर कुलूप काय करील? आजकाल ‘डिजिटल अटक’ या नावाची ठकबाजी बोकाळली आहे. तोतया पोलीस अधिकारी फोनवर दर्शन देतो, खोटी कागदपत्रे दाखवितो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणून धमकावितो, आणि भेदरलेली माणसे आपल्या हातांनी आयुष्याची पुंजी पाठवून देतात. आपल्या कायद्यात अशी अटक मुळीच नाही. फसणारी माणसे अडाणी असतात असे समजू नये; निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यांसही या जाळ्यात ओढण्यात आले आहे. भय वाटले म्हणजे विद्या कामास येतेच असे नाही.

याला दुसरीही बाजू आहे. व्हिटन व टायगर या संशोधकांनी १९९९ साली १२ जणांस गुप्तलेखनाचे एक साधन देऊन पत्र पाठविण्यास सांगितले. दीड तासात बहुतेकांस ते नीट साधले नाही, आणि काहींनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठविला. दोष त्या माणसांचा की साधन बनविणाऱ्यांचा? थकलेल्या, घाबरलेल्या, वयोवृद्ध माणसासही सुरक्षित ठेवील असे साधन कसे घडवावे? ते मराठी जाणणाऱ्या आजीस तिच्या भाषेत कसे समजवावे? या प्रश्नास यंत्रशास्त्राइतकीच मानसशास्त्राची व भाषेचीही जाण हवी.

सहावा प्रश्न जबाबदारीचा. तापमान मोजण्यास अंश आहेत, कापूस तोलण्यास क्विंटल आहे. सुरक्षितता मोजण्यास सर्वमान्य परिमाण नाही. अमुक बँक तमुक बँकेहून कितीपट सुरक्षित आहे, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून सुरक्षिततेवर खर्च किती करावा, हेही ठरत नाही. शिवाय, रॉस अँडरसन यांनी २००१ साली दाखविल्याप्रमाणे, पुष्कळदा ज्याच्या हाती बंदोबस्त असतो त्यास नुकसान सोसावे लागत नाही, आणि ज्यास नुकसान सोसावे लागते त्याच्या हाती बंदोबस्त नसतो. या दृष्टीने आपल्या रिझर्व्ह बँकेने २०१७ साली एक पाऊल उचलले. दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल, आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर भार पडू नये, असा नियम तिने जुलै महिन्यात व्यापारी बँकांस व डिसेंबरात सहकारी बँकांस घालून दिला. परंतु घाबरवून ग्राहकाच्याच हातून पैसे पाठवविले, तर तो दोष कोणाचा? कायदा, अर्थशास्त्र व यंत्रशास्त्र या तिघांस मिळूनच याचे उत्तर द्यावे लागेल.

हे सहा प्रश्न वेगळे दिसले, तरी त्यांचे मूळ एक आहे. कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात ज्या ठिकाणी घाव बसला, तेच ते मूळ : समोर नसलेल्याचे उत्तर खरे मानावे की नाही? यंत्राविषयी विचारले तर तो सचोटीचा प्रश्न होतो, वाटेविषयी विचारले तर पाट्यांचा, कुलपाविषयी विचारले तर गणिताचा, आणि फोनवरील अनोळखी आवाजाविषयी विचारले तर मनोधैर्याचा. जाळ्याने अंतर नाहीसे केले. अंतराबरोबर आपली जुनी ओळखदेखही गेली. तिच्या जागी काय ठेवावे, याचा शोध चालू आहे.

पालकवर्गास एवढेच सांगावयाचे की, शास्त्रज्ञांची उत्तरे येईपर्यंत आपणांस हातावर हात ठेवून बसावे लागत नाही. फोनवरून कोणी भीती घातली किंवा घाई केली, तर फोन खाली ठेवावा. आणि त्या बँकेचा अथवा पोलीस ठाण्याचा नंबर आपण स्वतः शोधून विचारणा करावी. आलेल्या प्रश्नास आलेल्याच वाटेने उत्तर देऊ नये. दुसऱ्या वाटेने खात्री करावी. शास्त्रज्ञही यंत्रांस हीच रीत शिकवीत आहेत. फसवणूक झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पैसा चोराच्या हाती पोहोचण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो. घरातील मुलांनीही आपल्या आजीआजोबांस हे समजावून द्यावे, आणि फसलेल्या माणसास हसू नये. लाजेमुळे लोक तक्रार करीत नाहीत, आणि त्यामुळे चोरांचेच फावते.

विद्यार्थिमित्रांस मात्र आम्हांस थोडे अधिक सांगावयाचे आहे. वर दिलेले प्रश्न परदेशातील मोठ्या प्रयोगशाळांसाठीच राखून ठेवलेले नाहीत. कानपूरच्या तिघांपैकी दोघे त्या वेळी पदवीचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या शोधास किमती यंत्रे लागली नाहीत. कागद, लेखणी व चिकाटी लागली. आज वर्गात तुम्ही मूळ संख्या, अवयव, शेकडेवारी, संभाव्यता शिकता. हे सारे या शास्त्राचे हत्यार आहे. भाषेच्या तासाला सरळ व निःसंदिग्ध वाक्य लिहावयास शिकता. पुढे सूचना लिहिताना त्याचाच उपयोग होईल. इतिहासाच्या तासाला शिक्कामोर्तबाचे प्रयोजन कळले, तर सही म्हणजे काय हे अर्धेअधिक कळले असे समजा.

याखेरीज एक गुण हवा, तो पुस्तकातून मिळत नाही. अर्ध्या सेकंदाचा फरक हजारोंच्या नजरेखालून सहज गेला असता. एकाने मात्र ‘हे असे का?’ म्हणून विचारले. पिंपात थेंब थेंब पाणी कमी होत आहे, हे ज्या मुलास दिसते व जो गळती सापडेपर्यंत उठत नाही, तो या शास्त्रास हवा आहे. असे डोळे वऱ्हाडात कमी नाहीत. बोंड हाती धरून कापसाची प्रत सांगणारे आणि आभाळाचा रंग पाहून पेरणी दोन दिवस पुढे ढकलणारे शेतकरी येथेच आहेत. त्यांची मुले हीच बारकाई संगणकाकडे वळवितील, तर वरच्या सहांपैकी एखाद्या प्रश्नाच्या उत्तराखाली आपल्याकडील एखादे नाव लिहिले जाणे मुळीच अशक्य नाही.